जामीन मंजूर झाल्यानंतर

सुरुवातीलाच माफी मागतो. मी वकील नाही, कायद्याचा विद्यार्थीही नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे हे लिहावं की नाही असं विचारायलाही कोणी नाही. पण गेल्या महिन्यात वस्तीतल्या एक बाई आमच्याकडे पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मुलाला जामीन मंजूर झाला होता. मुलगा संध्याकाळी जेवायला घरी असणार म्हणून त्यांनी मटण आणायला माणूस पाठवला होता. मी पेढा हातात घेतला आणि मला काही बोलताच आलं नाही. तेव्हा जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे. चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

जामीन मंजूर होणं आणि माणूस घरी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे बरेच दिवस असतात. आमचे ते दिवस मागच्या वर्षी गेले.

आम्ही मांजरीचे. वडील, म्हणजे आबा, दुसऱ्यांच्या उसात तोडीला आणि पाणी द्यायला जातात. माझा मोठा भाऊ, दादा, हडपसरला एका कॉम्प्युटर कंपनीत वॉचमन होता. कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा. शेतात उभी राहिलेली ती काचेची इमारत लांबून दिसायची आणि गावात तिच्याबद्दल कौतुकाने बोललं जायचं. पण दादाचं मन तिथे नव्हतं. त्याच्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स होतं. सरकारी बसवर ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्याला हवं होतं. लेखी परीक्षा तो पास झाला होता. गाडी चालवून दाखवायची ट्रायल तेवढी बाकी होती आणि तिचं पत्र आलं होतं. भरतीच्या वयाची मर्यादा त्याला त्याच वर्षी संपत होती. पुढच्या भरतीत त्याला अर्जही करता आला नसता.

पत्र आलं त्याच सुमारास कंपनीत चोरी झाली. कॉम्प्युटरच्या आत बोटभर लांबीची एक पट्टी असते, तिला रॅम म्हणतात. एका मजल्यावरच्या मशीनमधल्या त्या पट्ट्या कोणीतरी काढून नेल्या. दादाला ती पट्टी दाखवली असती तर ती कशाची आहे हे त्याला ओळखता आलं नसतं. पण त्या आठवड्यात पाळीवर असलेल्या तिन्ही वॉचमनना पोलिसांनी उचललं. नोकराने मालकाकडे केलेली चोरी, असं कलम लागलं. या कलमात पोलीस ठाण्यातून जामिनावर सोडत नाहीत, कोर्टातच अर्ज करावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

आमचे वकील शनिवार पेठेत बसायचे. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं. माणूस वाईट नव्हता, बोलणं मात्र पेठेतलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, त्याने काही केलेलं नाही, तर मग त्याला सोडतील ना?"

ते म्हणाले, "केलं की नाही हे ठरायला कोर्टाला काही वर्षं लागतील. तोवर तो कुठे राहणार, एवढाच आपला विषय आहे. आत की बाहेर. बाकीचं तुमच्या कॉलेजात शिकवत असतील."

आधी पोलीस कोठडी झाली, मग दादाला जेलमध्ये पाठवलं, आणि त्यानंतर जामिनाचा अर्ज लागला. तो मंजूर झाला तेव्हा ट्रायलला दहाबारा दिवस होते. मी कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच आबांना म्हणालो, "झालं. सुटला." आबांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. आम्ही दोघं खाली उभे राहून आरोपींच्या गाडीची वाट बघत राहिलो. आम्हाला वाटलं, आता त्याला इथेच उतरवतील.

वकील बाहेर आले. "कोणाची वाट बघताय?"

"दादाची."

"अहो, तो कागदावर सुटलाय. आता जामीनदार आणा."

मग त्यांनी समजावलं. कोर्टाने दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहीन असं दादाने स्वतः लिहून द्यायचं. दुसरी, एक जामीनदार. दादा पळून गेला तर ठरवलेली रक्कम भरेन, असं लिहून देणारा माणूस. त्या माणसाची तेवढी ऐपत हवी आणि ती कागदावर दिसायला हवी. शेत असेल तर सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती, शिवाय रेशनकार्ड आणि फोटो. हे सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी वकिलांनी मागितली होती, ती मिळाली नव्हती. मिळाली असती तरी तेवढी रोख आमच्याकडे नव्हती.

आबांचा चेहरा उजळला. "जमीन हाय की साहेब. मांजरीत हाय. आमच्या आज्याच्या आज्यापासनं हाय."

मीही मान हलवली. आमची जमीन रस्त्याला लागून आहे. काचेची इमारत झाल्यापासून तिच्याकडे बघायला लोक गाडीतून यायचे. मी सातबारा काढून आणला. वकिलांनी तो धरला आणि एक पान उलटलं, मग दुसरं.

"ही काय मतदार यादी आहे का?" ते म्हणाले.

ती आमची वतनी जमीन. गावकीच्या कामाच्या बदल्यात आमच्या पूर्वजांना मिळालेली. सरकारच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही. आणि वाटणी कधीच न झाल्यामुळे तिच्यावर सगळ्या भावकीची नावं आहेत. चुलते, चुलत चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, वारलेली माणसं, त्यांची मुलं.

"एवढे सगळे हो म्हटले तरी अवघड आहे," असं म्हणून वकिलांनी कागद परत दिला. मी घरी आल्यावर आबांना जसंच्या तसं सांगितलं. आबांनी त्यातलं 'अवघड आहे' सोडलं आणि 'सगळे हो म्हटले तरी' एवढंच धरलं.

त्यांना दोष देता येत नाही. आमच्यात असंच असतं. लग्न मोडायच्या बेताला आलं, कुणावर आळ आला, की भावकी जाऊन उभी राहते. जितकी माणसं जास्त, तितका शब्द जड. कोर्टाला एक माणूस हवा आहे म्हणजे किमान एक तरी, असं आबांना वाटलं. ते दोन दिवस घरोघर फिरले. बांधावरून ज्यांच्याशी अनेक वर्षं बोलणं नव्हतं त्या चुलत्यांच्या दारातही गेले. चुलते म्हणाले, "ते भांडण येगळं, हे येगळं. किती वाजता निघायचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बसने कोर्टात पोचलो आणि थोड्या वेळाने दारात ऊस वाहायचा टेम्पो येऊन थांबला. त्यातून आमची भावकी उतरली. पुरुषांनी पांढरे शर्ट घातले होते, जयंतीला घालतात ते. बायका इरकली नेसलेल्या. सर्वांत म्हाताऱ्या आत्याला दोघांनी धरून उतरवलं. सगळ्यांनी आपापली रेशनकार्डं पिशवीत आणली होती. त्या दिवसाची मजुरी सगळ्यांची बुडाली होती.

दारावरचा हवालदार पुढे आला. "मोर्चाला परवानगी आहे का?"

"मोर्चा न्हाई," आबा म्हणाले. "जामीनदार हाईत."

"कुणाचे? आख्ख्या जेलचे?"

वकील आले आणि त्यांनी हे सगळं पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात आबांना म्हणाले, "अहो, एक माणूस. स्वतःच्या एकट्याच्या मालकीचं काही असलेला एकच माणूस. इतक्या जणांची जमीन म्हणजे कोर्टाच्या लेखी कुणाचीच नाही."

आत्या कानाने अधू आहे, पण हे तिला नेमकं ऐकू गेलं. "कुणाचीच न्हाई? मग तो बिल्डर दर रविवारी माझ्या दारात काय भजी खायला येतो व्हय?"

सगळे हसले. वकीलही हसले. पण काम झालं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. इतकी माणसं त्याच्यासाठी उभी राहायला तयार होती, आणि कोर्टाला हवा होता तो एकटा माणूस आमच्यात नव्हता. दुपारी सगळ्यांनी कोर्टासमोरच्या झाडाखाली भाकरी खाल्ली आणि टेम्पो परत गेला. जाताना चुलते मला म्हणाले, "तू शिकलेला हाईस, तू बघ कायतरी." मला ते ऐकवलं नाही.

त्याच झाडाखाली दुसरी माणसंही असतात. आपण घाबरलेले दिसलो की ती जवळ येतात. एकाने मला विचारलं, "जामीनदार पायजे का? कागद तयार आहेत." मी वकिलांकडे गेलो आणि असं चालतं का, विचारलं.

वकील म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, मी ऐकलं नाही. कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि वर दुसरी केस लागते. हे मात्र ऐका."

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यानं चोरी केली न्हाई. मग त्याला सोडवायला खोटा माणूस कशाला उभा करायचा?" त्यांचं बरोबर होतं. पण रात्री मला वाटत राहिलं की बरोबर असून दादा आतच आहे.

मी जेलवर भेटीला गेलो. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असतात. दादा बारीक दिसत होता. त्याने जामिनाचं विचारलंच नाही.

"ट्रायल शुक्रवारीच आहे ना?"

"हो."

"शर्ट इस्त्री करून ठेव. बूट बघ, सोल निघालाय. गाडी उलटी घ्यायला लावतात. खांबांच्या मधून." आणि जाळीपलीकडे त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरून मान मागे वळवून दाखवली. शेजारचा कैदी त्याच्याकडे बघत होता. मी मान हलवत राहिलो.

शेवटी माणूस मिळाला तो हडपसरचा. तिथे एका चाचांचं गॅरेज आहे. दादा पंधरासोळा वर्षांचा असताना त्यांच्याकडे कामाला होता, ट्रक चालवायला तिथेच शिकला. मी गेलो होतो ते खरं तर कुणी ओळखीचं आहे का विचारायला. चाचा एका टेम्पोखाली झोपून काम करत होते. खालूनच म्हणाले, "घर आहे ना माझं. माझ्याच नावावर आहे. घरपट्टी भरलेली आहे."

चाची दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घर अडकवणार? केस किती वर्षं चालेल काही माहीत आहे?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. केस संपेपर्यंत जामीनदाराची मान मोकळी होत नाही. आरोपी तारखेला आला नाही तर नोटीस जामीनदाराला येते. हे मी दोघांना सांगितलं. सांगायला नको असं वाटत होतं, पण सांगितलं.

चाचा टेम्पोखालून बाहेर आले. "अगं, घराला काय चाकं आहेत का? कुठे जातंय ते? आणि पोरगाही जात नाही."

चाची वळल्या. आत जाऊन पावती घेऊन आल्या.

मंगळवारी चाचा कोर्टात उभे राहिले. वकिलांनी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता, काय करता, घर कोणाचं, तो पळून गेला तर रक्कम तुम्हाला भरावी लागेल हे समजतं का.

"समजतं साहेब. त्याला ब्रेक मारायला मीच शिकवलंय. तो पळणाऱ्यातला नाही, थांबणाऱ्यातला आहे."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं. पण त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच, की पोलिसांनी जामीनदाराचा पत्ता तपासून अहवाल द्यावा.

म्हणजे पोलीस ठाण्यातल्या कुणीतरी चाचांच्या घरी जाऊन घर आहे हे पाहायचं. मी ठाण्यात गेलो तर ज्यांच्याकडे ते काम होतं ते बंदोबस्ताला गेले होते. कधी येतील? येतील तेव्हा येतील. मी बाकावर बसून राहिलो. माझ्या पिशवीत राज्यशास्त्राचं पुस्तक होतं, नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा धडा त्यातच आहे. मी ते बाहेर काढलं नाही. बुधवारी संध्याकाळी ते हवालदार चाचांच्या घरी आले, चहा घेतला, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आहे की घर." एवढ्यासाठी दोन दिवस गेले होते.

गुरुवारी अहवाल कोर्टात पोचला. बंधपत्र लिहून झालं, चाचांच्या सह्या झाल्या, फोटो चिकटवला गेला. मग सुटकेचा आदेश टाइप व्हायचा होता. टाइप करणाऱ्यांसमोर बरेच आदेश पडले होते. दादाचा आदेश दुपार कलल्यावर निघाला. त्यावर सही झाली तेव्हा बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या.

इथे वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. आम्हाला ती कोणी सांगितली नव्हती. सुटकेचा आदेश जेलच्या दाराशी एका पेटीत पडतो. ती पेटी ठरलेल्या वेळी उघडतात. त्या वेळेआधी कागद पडला तर माणूस त्याच दिवशी सुटतो, नंतर पडला तर दुसऱ्या दिवशी.

आबा, मी आणि चाचा एकाच स्कूटरवर त्या कागदामागोमाग जेलवर पोचलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "पेटी उघडून झाली. आता सकाळी."

"उद्या त्याची परीक्षा हाय," आबा म्हणाले. "ड्रायव्हरची."

"बाबा, मी पेटी उघडत नाही. मी दार सांभाळतो."

आबा त्या पेटीकडे बघत राहिले. "माणूस बी आत हाय, कागद बी आत हाय," ते म्हणाले, "आणि दोघांची गाठ पडत न्हाई."

शिपायाने आबांना बसायला स्टूल दिलं. त्याच्या हातात तेवढंच होतं.

ठरलं ते असं. शुक्रवारी पहाटे आबा आणि चाचा जेलच्या दारात थांबतील. दादा आला की तिथूनच थेट ट्रायलच्या मैदानावर आणतील. मी इस्त्रीचा शर्ट, बूट, लायसन्स आणि पत्र घेऊन मैदानावर आधी जाईन आणि त्याचा नंबर धरून ठेवीन. नंबर धरून ठेवता येतो, असं मला वाटलं होतं. रेशनच्या रांगेत येतो.

मैदान डेपोच्या मागे होतं. चुन्याने रेषा मारल्या होत्या, खांब रोवले होते, एक जुनी लाल बस उभी होती. उमेदवार पन्नासेक असतील. टेबलापाशी बसलेले साहेब शांत स्वभावाचे होते. मी पत्र पुढे केलं.

"उमेदवार तुम्ही?"

"नाही सर, माझा भाऊ. तो येतोय."

"कुठून येतोय?"

माझ्या घशापर्यंत खरं उत्तर आलं होतं. ते सांगितलं तर त्यांना दया येईल की ते पत्रावर काट मारतील, हे मला कळेना. मी म्हणालो, "जवळूनच."

"मग येऊ द्या."

एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. लोक बसमध्ये चढत, एक फेरी मारत, खांबांमधून बस उलटी घेत. कुणाचा खांब पडला की बाकीचे चुकचुकत. दादाचं नाव पुकारलं गेलं. मी हात वर केला आणि खाली घेतला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. मी फाटकापर्यंत गेलो, रस्ता पाहिला, परत आलो. शर्ट हातावर घेऊन उभा होतो. त्याची इस्त्री मोडू नये म्हणून हात लांब धरला होता, तो भरून आला होता.

सगळे संपल्यावर साहेबांनी दादाचं नाव पुन्हा एकदा स्वतःहून पुकारलं. तसा नियम नसावा. मी म्हणालो, "सर, अजून थोडा वेळ."

ते म्हणाले, "मी थांबलो असतो हो. पण बस दुपारच्या फेरीला लागायची आहे." आणि यादीवर दादाच्या नावापुढे त्यांनी एक शब्द लिहिला. गैरहजर. मला तो उलट्या बाजूनेही वाचता आला.

ड्रायव्हर बस घेऊन फाटकाबाहेर गेला. दोन माणसं खांब उपटून हातगाडीवर ठेवायला लागली. टेबल उचललं गेलं. मैदानावर मी एकटा राहिलो. कुठे जावं हे कळत नव्हतं. जेलवर जावं तर ते निघाले असतील आणि वाटेत चुकामूक होईल, थांबावं तर आता कशासाठी थांबायचं.

तेवढ्यात फाटकातून स्कूटरचा आवाज आला. चाचा एकटेच होते. त्यांनी स्कूटर स्टँडवरही लावली नाही, एक पाय जमिनीवर टेकवून लांबूनच ओरडले,

"सुटला! आबांबरोबर रिक्षात बसवलाय, मागोमाग येतोय. साहेबांना म्हणावं पाच मिनिटं थांबा."